रामेश्वरला नेलेली चांदीची डबी

रामेश्वरहून येऊन दोन महिने झाले. तेव्हापासून दुकानात कुणी साबणाची वडी घ्यायला आलं की उभ्या उभ्या विचारतं, "आप्पा, रामेश्वर कसं हाय वो?" एकेकाला सांगून तोंड दुखलं. म्हणून एक कोरी वही घेतली आणि लिहायला बसलो. शिकलोय चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. काना-मात्रा चुकली तर सोडून द्या. ज्यांना तीर्थाचं गोड गोड ऐकायचं आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. माणूस गेल्यावर त्याच्या हौसेच्या गावाला जाणं म्हणजे पाहुणा उठून गेल्यावर चुलीवर चहा ठेवणं आहे. तो चहा मी पिऊन आलो. कसा होता ते सांगतो.

आधी मी तिथं कावून, म्हणजे कशासाठी, गेलतो ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही.

आमी लिंगायत वाणी. शिरूर कासारला बाजारात माझं किराण्याचं दुकान आहे. आमच्यात लेकरू जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. चांदीची डबी, आत सुपारीएवढं काळं लिंग, वर दोरा. ते मरेपर्यंत काढायचं नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही, बाळंतपणात नाही. मेल्यावर आमी जाळत नाही, पुरतो. खड्ड्यात बसवून पुरतो, आणि ज्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून मग माती लोटतो. एवढंच आमचं शास्त्र. एवढं बी मला जमलं नाही.

गिरजा माझी बायको. बेचाळीस वर्षं संसार झाला. तिला रामेश्वर बघायचं होतं. कावून, ते मी कधी विचारलं नाही. दिवाळी सरली की वर्षातून एकदा विषय काढायची. मी म्हणायचो, "गळ्यात देव हाय की. त्याला घिऊन दुसऱ्या देवाकडं कशाला जायचं?" हे बोलणं मला लई हुशारीचं वाटायचं. गिऱ्हाइकांपुढं बी सांगायचो. माणसं हसायची. ती तांदूळ निवडत राहायची.

एकदा माजलगावला लेकीकडं गेलतो तेव्हा जावयानं धरण दाखवायला नेलं. भिंतीवर उभी राहून ती पाण्याकडं लई वेळ बघत होती. मग म्हणली, "समुद्र ह्याच्याहून मोठा असतो का वो?" मला यष्टी गाठायची होती. म्हणलं, "एवढाच असतो. हेच बघून घे."

तिनं बघून घेतलं.

मागच्या साली तिचं पोट दुखायला लागलं. मी ओवा दिला, दुकानातलाच. दोन महिने ओवा दिला. मग मोठ्या दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणले, फाडून बघावं लागंल. आत न्यायच्या आधी सिस्टर म्हणली, "आजी, गळ्यातलं समदं काढा." गिरजा म्हणली, "मंगळसूत्र काढते बाई. लिंग काढत न्हाईत आमच्यात." सिस्टर चांगली होती. म्हणली, "यजमानांच्या हातात द्या. बाहेर आल्यावर लगेच घाला." तेव्हा गिरजानं डबी काढली, माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं एक एक करून मिटवली आणि म्हणली, "हातात धरा. खाली ठिवू नका."

मी हो म्हणलो.

ती बाहेर आली ती पांढऱ्या चादरीत आली. मधल्या चार तासांत मी तीन कागदांवर सह्या केल्या, दोनदा औषधाच्या दुकानात गेलो, लेकीनं दिलेला चहा प्यालो. ह्यातलं काहीतरी करताना मी डबी खाली ठेवली. कुठल्या वेळी, ते मला आजपर्यंत आठवलं नाही. मातीला सगळं गाव आलं. तिला खड्ड्यात बसवली, कपाळाला भस्म लावलं. जंगम स्वामींनी हात पुढं केला, म्हणले, "लिंग द्या." मी एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. सगळं गाव माझ्या हाताकडं बघत होतं. मग स्वामींनी आपल्या झोळीतून एक नवं लिंग काढलं आणि तिच्या हातात दिलं. सगळा जन्म जे छातीला लागून होतं ते नाही, दुसरंच. ते अनोळखी लिंग घेऊन ती मातीखाली बसली.

तिसऱ्या दिवशी माजलगावला लेकीनं दवाखान्यात नेलेली भाकरीची पिशवी उलटी केली. बुरशी आलेली भाकरी पडली, आणि तिच्याच फडक्यात डबी.

स्वामी म्हणले, "समाधी उकरता येत न्हाई, आप्पा. वाहत्या पाण्यात सोडा."

म्हणलं, "आपल्या सिंदफणा नदीत वाळूचे ट्रक वाहत्यात. पानी कुठंय?"

"मग समुद्रात सोडा."

असा मी रामेश्वरला निघालो. भक्ती म्हणून नाही. आमचा पोरगा म्हणला, "आप्पा, डबी माझ्याकडं द्या, मुंबईला कुणी जानार असलं तर सोडून यील." मी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

गाडीत

आमच्याकडं आता यात्रेच्या गाड्या लई निघाल्यात. गाडीसोबत स्वयंपाकी, शेगडी, पातेली, टपावर पिठाची पोती आणि पुढं व्हिडिओ. पूर्वी काशी-रामेश्वरला निघालेला माणूस घरच्यांच्या पाया पडून निघायचा, परत येतो का नाही म्हणून. आता मॅनेजर शिट्टी मारतो. वाटेचं काही लिहीत नाही. बसून बसून ढुंगण दुखतं, हे सांगायला वही कशाला पाहिजे.

माझ्या शेजारी भिवा नावाचा धनगर होता, आष्टीकडचा. माझ्याच वयाचा. जन्मभर मेंढरं राखली, आता पोरं ट्रकवर आहेत म्हणून मेंढरं मोडली. त्याच्याकडं भावाच्या अस्थी होत्या. तांब्यात घालून वर लाल फडकं बांधलेलं, आणि तो तांब्या त्यानं खिडकीच्या गजाला लटकावला होता. गाडी खड्ड्यात गेली की तांब्या वाजायचा. भिवा म्हणायचा, "गप रं दादा, आलं आलं."

मी कमरेला पैसे ठेवायचा कापडी कसा बांधला होता, डबी त्यात ठेवली होती. स्वतःचं लिंग गळ्यात, तिचं कमरेला. दर थोड्या वेळानं माझा हात तिथं जायचा. भिवाला वाटलं, म्हातारा तंबाखू लपवतोय.

"आप्पा, काढा की चिमूटभर."

"तंबाकू न्हाई ती."

"वाण्याची जात. कुणाला काय देनार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. म्हणलं, "तुला काय भीक लागली का बे?" तो जोरात हसला. म्हणला, "आता कसं बोलला मानसावानी. तीन दिस झालं, मुक्याशेजारी बसल्यासारखं वाटत व्हतं." तेव्हापासून तुमी-आमी संपलं आणि तू-मी सुरू झालं. पण कमरेच्या कशात काय आहे ते मी सांगितलं नाही.

मदुरेच्या पुढं जेवणाची बोंब झाली. समुद्राकडच्या दमट हवेनं टपावरचं ज्वारीचं पीठ गोळा झालं. स्वयंपाक्यानं भाकरी थापली तर ती हातातच मोडली, आणि वास यायला लागला. बायांनी त्याला फाडून खाल्लं. तिथून पुढं भात. सकाळी भाताची इडली, दुपारी भात, संध्याकाळी दह्यातला भात. केळीच्या पानावर वाढतात, वरनं आंबट पाणीदार आमटी ओततात आणि माणूस वाढतच राहतो, तुमी हात आडवा धरेपर्यंत. वाढण्यात ती माणसं कंजूष नाहीत, हे लिहिलं पाहिजे. पण भातानं पोट भरतं, भूक जात नाही. भिवा म्हणला, "मेंढराला कोवळं गवत टाकल्यागत झालंय. फुगतंय नुसतं."

कॉफी मात्र चांगली. एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत हातभर उंचीवरनं ओततात, सांडत नाहीत. गिरजा असती तर म्हणली असती, तुमी बशीतनं पिताना सांडता. ती असती तर, हे त्या प्रवासात मी किती वेळा म्हणलो असेन. तुमाला कंटाळा येईल म्हणून बाकीच्या वेळा लिहीत नाही.

पांबनचा पूल

रामेश्वर बेट आहे, हे मला पूल येईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, काठावरचं गाव असेल. गाडी पुलावर चढली आणि मॅनेजर ओरडला, "समुद्र आला, समुद्र आला. बोला रामनाथ महाराज की जय." सगळी एका बाजूला धावली, गाडी कलंडते का काय असं झालं.

मी खिडकीतच होतो. पूल लई उंच आहे. खाली दुसरा पूल, आगगाडीचा, पाण्यावर काडी टाकल्यासारखा. त्याच्या दोन्ही अंगाला पाणी. कडेला हिरवं, मोराच्या मानेसारखं, पुढं निळं, त्याच्या पुढं आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. लहान लहान होड्या, रंगवलेल्या. नारळीची झाडं पार पाण्याला टेकलेली. पाण्याला दुसरा काठच नव्हता. मी काठ शोधत होतो. माजलगावच्या धरणाला कसं, समोरच्या अंगाला टेकडी दिसते, बाभळी दिसतात. इथं काही दिसेना.

एवढाच असतो, म्हणलो होतो मी तिला.

भिवा म्हणला, "लई झालं राव हे. एवढं पानी आन आपल्याकडं टँकर." मग माझ्याकडं बघून म्हणला, "काय झालं बे? उलटी येती का?"

म्हणलं, "व्हय. भातानं."

अग्नितीर्थ

देवळाच्या उगवतीला समुद्राची जी खाडी आहे तिला अग्नितीर्थ म्हणतात. नाव अग्नी, पाणी मात्र गार आणि तळ्यासारखं थिजलेलं. लाट म्हणून नाही. कंबरभर पाण्यात हजारो माणसं उभी. कुणी बंगाली, कुणी मारवाडी, कुणी तेलंगी. काठावर गाई, भटजी, केळी, दोन मिनिटांत फोटो काढून देणारे. दुकानांत शांपूच्या आणि गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. त्याच पुड्या, त्याच माळा माझ्या शिरूरच्या दुकानात लटकतात. एवढ्या लांब येऊन आपलंच दुकान बघायचं, हे आता नवीन निघालंय. कडेला मासळी वाळत घातलेली. आमच्या नाकाला त्या वासाची सवय नाही. बायांनी पदर लावले. मी बी उपरणं लावलं. भिवाला काही वाटलं नाही. म्हणला, "मेंढराच्या बसायच्या जागंला काय अत्तराचा वास येतो का?"

तिथं आमाला एक उपाध्ये मिळाले. तिथले देवळाचे भटजी मूळचे आपल्याकडचे, किती पिढ्यांपूर्वी गेलेले ते त्यांनाच माहीत नाही. मराठी बोलतात, पण ती अशी की पेटीच्या तळातनं काढल्यासारखी, घडीच्या खुणा पडलेली. उपाध्ये माझ्याच वयाचे, काळे, अंगात काही नाही, खांद्यावर ओलं उपरणं. भिवाच्या भावाचं सगळं त्यांनी नीट केलं. पिंड केले, मंत्र म्हणले, घाई केली नाही. भिवानं तांब्या पाण्यात उपडा केला, राख थोडी पसरली आणि गेली. भिवा वर आला, डोळे लाल, आणि म्हणला, "झालं. हलकं झालं."

मला त्याचा हेवा वाटला. राग म्हणलं तरी चालेल.

उपाध्ये माझ्याकडं वळले. "आपले काय? अस्थी आणल्या आहेत काय?"

"आमच्यात पुरत्यात."

"मग पत्नीच्या नावे पिंड करावा?"

"आमच्यात पिंड न्हाई."

"मग आपण काय आणिले?"

मी कमरेच्या कशावर हात ठेवून पाण्यात उतरलो. गुडघ्याच्या वर पाणी आलं तिथं थांबलो. डबी काढावी म्हणलं. खाली बघितलं तर पाण्यात फुलं, सुतळ्या, कुणाच्या तरी अस्थीचा तुकडा, दिव्याच्या वाती. सगळं जिथल्या तिथं तरंगत होतं. स्वामी म्हणले होते वाहतं पाणी. हे वाहत नव्हतं. दुसऱ्याच्या मढ्याशेजारी मी तिचं लिंग ठेवून जायचं? मी तसाच परत आलो. उपाध्ये बघत होते. त्यांनी दक्षिणेचं नाव काढलं नाही, हे खरं तेच लिहितो.

बावीस कुंडं

देवळात बावीस कुंडं आहेत, बहुतेक आडच. एकेका आडावर माणूस उभा, पोहरा टाकतो, वर ओढतो आणि तुमच्या डोक्यावर ओततो. ओल्या कपड्यानं पुढच्या आडाकडं पळायचं. बाया, म्हातारी, लेकरं सगळी चिंब होऊन दगडाच्या ओसऱ्यांतनं पळत असतात. त्या ओसऱ्या अशा लांब की ह्या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. दोन्ही बाजूंनी खांब. मी मोजायला लागलो, शंभराच्या पुढं सोडून दिलं. कुणी घडवले असतील, त्यांच्या बायकांनी भाकरी बांधून दिली असेल का भात, असलं काहीबाही मनात येत होतं. नवव्या का दहाव्या आडाला माझा पाय घसरला आणि मी आपटलो. पडताना डोकं धरायचं सोडून कमरेचा कसा धरला. कोपर फुटलं. भिवा उचलायला आला.

"तंबाकूसाठी मरशील बे एखाद्या दिवशी."

पण मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. प्रत्येक आडाचं पाणी मी चाखलं. गोड. समुद्र हाकेवर आणि बावीस आडांना गोडं पाणी. आमच्याकडं साठ फूट खडक फोडला तर तळाला सुरुंगाची राख निघते. गिरजानं घागरी वाहून वाहून डोक्यावरचे केस घालवले. देवानं पाणी वाटताना आमच्या वेळेला बहुतेक झोप काढली.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. कावून दोन, ते उपाध्यांनी बाहेर ओसरीत बसून सांगितलं. रावणाला मारल्यावर रामाला शिवाची पूजा करायची होती. हनुमंताला कैलासावर लिंग आणायला पाठवलं. मुहूर्त टळायला आला तरी हनुमंत येईना. तेव्हा सीतेनं आपल्या हातानं वाळूचं लिंग केलं आणि पूजा वेळेवर झाली. मग हनुमंत लिंग घेऊन आला.

"उशीर झाला त्याला," मी म्हणलो.

"झाला. फार कष्टी झाला तो. म्हणे, मी आणिले त्याचे आता काय करू?"

"मग काय केलं रामानं? समुद्रात टाकलं?"

उपाध्ये हसले. "छे हो. ठेविले. तेही तेथेच ठेविले. आणि आज्ञा केली की आधी हनुमंताच्या लिंगाची पूजा होईल, मागून सीतेच्या. अजून तसेच चालते."

भिवा म्हणला, "देवाच्या घरी उशिराला बी माफी हाय की."

मी म्हणलो, "तो हनुमंत व्हता. मी वाणी हाय."

उपाध्ये माझ्या कमरेच्या कशाकडं बघत होते. त्यांना कळलं का नाही, मला माहीत नाही. मी उठलो.

धनुष्कोडी

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडी. बेटाचं टोक. गाडी अर्ध्यातच सोडतात, पुढं रस्ता नाही, वाळूतनं जीप जाते. पूर्वी तिथं गाव होतं, स्टेशन होतं, आगगाडी यायची. चौसष्ट साली समुद्र वर आला आणि माणसांनी भरलेल्या गाडीसकट सगळं घेऊन गेला. आता छप्पर नसलेलं चर्च, स्टेशनाच्या दोन कमानी, पाण्याची टाकी. भिंतींच्या चिऱ्यांत शिंपले दिसतात. मधूनच कोळ्यांच्या ताडपत्र्यांच्या झोपड्या. आमच्या बरोबरच्या बाया तिथं एकदम गप्प झाल्या. मॅनेजरची शिट्टी बी बंद.

पण जागा सुंदर आहे, हे नाकारून चालणार नाही. मधे पांढऱ्या वाळूचा पट्टा, वळत गेलेला, बैलाच्या शिंगासारखा. एका अंगाला समुद्र आदळतोय, दुसऱ्या अंगाला त्याच वाळूला लागून समुद्र झोपलेला. जीपवाला मोडक्या हिंदीत म्हणला, "ये चिल्लाता, ये आदमी समुंदर. वो चुप, वो औरत समुंदर." सगळी हसली. ओरडणारा गडी आणि गप्प बसणारी बाई. हे बघायला एवढ्या लांब यायची गरज नव्हती. आमच्या घरी बेचाळीस वर्षं हेच चाललं होतं.

ऊन लई होतं. एका झोपडीपुढं एक कोळीण जाळं सांधत बसली होती. पन्नाशीची असेल. भिवानं हाताची ओंजळ करून पाणी मागितलं. ती उठली, झोपडीच्या मागं गेली, आमाला या म्हणून हात केला. तिथं वाळूत बसली आणि करवंटीनं उकरायला लागली. हातभर उकरलं असेल नसेल, खालून पाणी आलं. गढूळ पाणी काढून टाकलं, जरा थांबली, निवळलं तसं करवंटी भरून पुढं केली. घरी असतो तर मी तिच्या हातचं प्यालो नसतो. आमच्यात मासळी खाणाऱ्याच्या हातचं चालत नाही. मी प्यालो. नारळाच्या पाण्यासारखं गोड. दोन्ही अंगाला खारा समुद्र आणि मधे हातभर वाळूखाली गोडं पाणी, करवंटीनं काढायचं. मी तीन करवंट्या प्यालो आणि तिथंच बसून राहिलो.

मग उठलो आणि गप्प समुद्राकडं गेलो. जीप निघायला अर्धा तास होता. धोतर वर खोचून पाण्यात उतरलो. पाणी इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती. पुढं पुढं गेलो, तरी गुडघ्याच्या वर येईना. थांबलो. कमरेचा कसा सोडला. डबी हातात घेतली. एवढे दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं. हे रामेश्वर बघ, म्हणायचं होतं. धरणाएवढा नसतो समुद्र, मी खोटं बोललो, म्हणायचं होतं. ओव्याचं बी बोलायचं होतं. त्यातलं काही आलं नाही. मी खाली वाकलो आणि हात उघडला.

डबी तळाला गेली आणि वाळूवर बसली. गेली नाही कुठं. लाट नाही, ओढ नाही. हातभर पाण्याखाली चांदी चमकत होती. मी बघत उभा राहिलो, आता जाईल, मग जाईल म्हणून. ती तिथंच.

मागनं पाणी उडवत कोणीतरी आलं. ती कोळीण. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं आणि त्याला वाकता येईना. तिनं कोपराच्या वरपर्यंत हात पाण्यात घातला, डबी काढली, पदराला पुसली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. तिच्या भाषेत काहीतरी बोलली. शब्द नाही कळला. रागावली होती, एवढं कळलं. आणि गेली.

काठावर भिवा उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. मी वर आलो तसा म्हणला, "तंबाकू न्हाई म्हनं ती."

म्हणलं, "न्हाई."

मग वाळूत बसून मी त्याला सगळं सांगितलं. दवाखाना, भाकरीचं फडकं, स्वामींचं नवं लिंग, सगळं. जीपवाला भोंगा वाजवत होता. भिवानं मधे एकदा बी तोंड उघडलं नाही. मेंढरं राखणाऱ्या माणसाला ऐकायची सवय असते. मी संपवलं तेव्हा म्हणला, "पुन्हा सांग. आत जाताना ती काय म्हनली व्हती?"

"हातात धरा, खाली ठिवू नका."

"आन स्वामी?"

"समुद्रात सोडा."

"बायको कुनाची? स्वामीची का तुझी?"

"माझी."

"मग खाली कावून ठिवायला बे?" भिवा म्हणला. "एकदा ठिवली तर पुरलं न्हाई का?"

मला त्याच्या मुस्काटात मारावी वाटली. बेचाळीस वर्षं मी लोकांना असंच तोडून बोललो, आणि माझ्या वाट्याला ते पहिल्यांदा आलं. मी डबी मुठीत धरून जीपमध्ये बसलो.

परत

गाडी पुढं कन्याकुमारीला गेली. तिथं काय बघितलं ते मला विचारू नका. गाडीतल्या बाया सांगतील, त्यांनी शंखाची तोरणं घेतली. मी मूठ उघडली नाही. जेवायला उजवा हात पुरतो. भिवा आष्टीच्या फाट्यावर उतरला. उतरताना म्हणला, "शिरूरच्या बाजारला आलो की यीन. तवा तरी तंबाकू ठिव." अजून आला नाही.

घरी आल्यावर स्वामींकडं गेलो. त्यांना सांगितलं, सोडली नाही. ते नाराज झाले. मी म्हणलो, "मी मेल्यावर माझं लिंग डाव्या हातात ठिवा. हिचं उजव्या हातात ठिवा."

स्वामी म्हणले, "एका समाधीत दोन लिंगं? शास्त्रात न्हाई, आप्पा."

म्हणलं, "रामेश्वराच्या गाभाऱ्यात दोन हायेत. एक वेळेवर मिळालेलं, एक उशिरा आलेलं. तिथं रामानं शास्त्र काढलं न्हाई."

स्वामी हो म्हणले नाहीत, नाही बी म्हणले नाहीत.

तर रामेश्वर असं आहे. पाणी गोड आहे, भात लई आहे, समुद्र धरणापेक्षा मोठा आहे. ज्यांची बायको जिवंत आहे त्यांनी यंदाच जावं, गळ्यात देव असला तरी जावं.

ही वही लिहिताना डबी डाव्या हातात आहे. रात्री झोपताना मनगटाला दोऱ्यानं बांधतो, कारण झोपेत मूठ सुटते. काल पोराला समोर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं, कुठल्या हातात कुठलं ठेवायचं. त्याला घाई होती, दुकानात गिऱ्हाईक होतं. तो हो म्हणला.

मी बी हो म्हणलो होतो.